टाक्यांनंतरचे आठवडे

वंदनाताई पगारे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्या बाह्यरुग्ण कक्षाच्या दारात. गंगापूर रोडवरच्या ज्या रुग्णालयात मी हाताच्या शस्त्रक्रिया करीत असे, तिथे त्या नुकत्याच ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून रुजू झाल्या होत्या. वय तिशीच्या अलीकडे, अंगावर सुती साडी, हातात एक वही, आणि बरोबर माझाच एक रुग्ण. कारखान्यात पत्रा कापताना त्या माणसाच्या तर्जनीची कंडरा तुटली होती. कंडरा म्हणजे स्नायूची ओढ बोटापर्यंत पोहोचवणारी दोरी. आपल्याकडे लोक तिला सरसकट ‘नस’ म्हणतात. ती मी जोडली होती, आणि चांगली जोडली होती. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये ठेवला, मग प्लास्टर काढले आणि ‘आता व्यायाम करा’ असे सांगून त्याला मोकळे केले. तो विचारत विचारत वंदनाताईंच्या खोलीपर्यंत पोहोचला होता.

“सर, टाके अतिशय सुंदर आहेत,” वंदनाताई म्हणाल्या. “पण बोट हलत नाही. यांना तुम्ही माझ्याकडे केव्हा पाठवणार होतात?”

“प्लास्टर तर काढलंय. घ्या की आता.”

“आता कंडरा आजूबाजूला चिकटून बसलीय सर. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाठवलं असतं तर—”

“तिसऱ्या दिवशी हलवलं तर माझे टाके तुटतील. तुम्ही शेक आणि मालीश एवढं बघा.”

रुग्णासमोर कुणी चूक दाखवावी याची मला सवय नव्हती. वंदनाताईंनी वाद घातला नाही. त्या माणसाला घेऊन त्या खाली गेल्या. चार-पाच महिन्यांनी तेच बोट पुन्हा उघडून चिकटलेली कंडरा मला सोडवावी लागली. या वेळी शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच सकाळी वंदनाताई वॉर्डात हजर होत्या. बोट वळले. मी त्यांचे आभार मानल्याचे मला आठवत नाही. पण त्यानंतर कंडरा तुटलेला प्रत्येक रुग्ण मी चौथ्या दिवशी त्यांच्याकडे पाठवू लागलो. आमच्या सहकार्याची सुरुवात ही अशी झाली, आणि तिच्यात माझ्या मोठेपणाचा भाग फारसा नाही.

हातावर काम न केलेल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. जोडलेली कंडरा अजिबात हलवली नाही तर ती शेजारच्या भागाला चिकटते आणि बोट काठीसारखे ताठ राहते. जोर लावून हलवली तर टाके तुटतात. या दोहोंच्या मधली जी अरुंद वाट आहे, तिच्यावरून रुग्णाला रोज, दर तासाला, थोडे थोडे चालवायचे असते, आणि ते निदान दोन-तीन महिने. शस्त्रक्रिया चार तासांत संपते. पुढचे सारे आठवडे थेरपिस्टचे असतात. बरा झालेला रुग्ण पेढे मात्र सर्जनला आणून देतो. इतकी वर्षे मी ते पेढे खाल्ले. कधी एखादा डबा खाली पाठवून दिला असेल, पण तेवढेच.

वंदनाताई मूळच्या नाशिक रोडच्या. बौद्ध कुटुंब, वडील शाळेत कारकून, आई घरी शिवणकाम करणारी. शिक्षणासाठी त्या मुंबईला गेल्या. बरोबरीच्या बहुतेक मुली पुढे परदेशी स्थायिक झाल्या, या मात्र परत आल्या. एका सत्काराच्या कार्यक्रमात निवेदकाने यावर ‘मातीची ओढ’ वगैरे बरेच काही म्हटले. उत्तराच्या भाषणात वंदनाताई म्हणाल्या, “वडील गेले होते आणि आई एकटी होती, म्हणून आले. तेव्हा फार वाईट वाटलं होतं.” स्वतःबद्दल खरे बोलण्याची ही त्यांची रीत पुष्कळांना खटकते. मला ती सवयीने आवडू लागली.

रुग्णालयाने त्यांना जिन्याखालची खोली दिली होती. पूर्वी तिथे जुन्या एक्स-रे फिल्म रचून ठेवीत. एक लांब टेबल, सात-आठ खुर्च्या, आणि कोपऱ्यात गरम पाण्याचे एक पसरट भांडे. त्या पाण्यात प्लास्टिकची पांढरी पट्टी टाकली की ती मऊ होते. मग ती रुग्णाच्या हातावर ठेवून आकार द्यायचा. थंड होताच ती कडक होते आणि त्या हातापुरता आधार तयार होतो. त्यालाच स्प्लिंट म्हणतात. बाजारात तयार मिळणारे स्प्लिंट वंदनाताईंनी क्वचितच वापरले. “हा हात काय बाजारातून आणलाय का?” असे त्या विद्यार्थिनींना विचारीत.

त्या खोलीत चालणारे काम कंटाळवाणे आहे, हे मी पूर्ण आदराने लिहितो. तेच बोट, तीच हालचाल, दहा वेळा, पुन्हा दहा वेळा. कालच्यापेक्षा आज दोन अंश जास्त, उद्या सूज आली म्हणून तीन अंश कमी. दुखते म्हणून रुग्ण चिडतो, फरक दिसत नाही म्हणून त्याचे नातेवाईक चिडतात. वंदनाताई कुणालाही ‘होईल बरं’ असे म्हणत नसत. एकदा त्यांची एक विद्यार्थिनी एका माणसाला उत्साहाने सांगून बसली, “काका, हंड्रेड परसेंट होईल!” दोन महिन्यांनी त्या माणसाचे बोट अर्धेच वळत होते. वंदनाताईंनी त्या मुलीला त्याच्यासमोर बसवले आणि म्हणाल्या, “तू सांगितलं होतंस ना, आता पुढचं पण तूच सांग.” ती मुलगी रडली. वंदनाताईंनी तिला रडू दिले, मग पाणी दिले, मग पुढचा रुग्ण बोलावला. आज ती स्वतः चांगली थेरपिस्ट आहे. श्रद्धा तिचे नाव. वंदनाताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळात ती आहे, आणि ही हकिकत लिहायला तिनेच परवानगी दिली आहे.

आता लताविषयी. तिच्या हकिकतीशिवाय माझा लेख पुरा होणार नाही, आणि या हकिकतीत माझी बाजू फारशी बरी नाही.

लता चांदवडच्या पुढच्या एका गावातली, कांद्याच्या कामावर रोजंदारीने जाणारी, वय पंचविशीचे. कांद्याची पात कापताना विळा निसटला आणि डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या कंडरा तुटल्या. मी त्या जोडल्या. चार तास लागले. चौथ्या दिवशी वंदनाताईंनी स्प्लिंट करून दिले, व्यायाम शिकवले, आठवड्यातून दोनदा यायला सांगितले. दोन आठवडे ती आली. तिसऱ्या आठवड्यात आली नाही. फोन केला तर लागेना. वंदनाताईंनी रविवारपर्यंत वाट पाहिली आणि रविवारी सकाळी एसटीने चांदवडला गेल्या. तिथून जीपने गावात. हे मला त्यांनी आधी सांगितले नव्हते. दुपारी त्यांचा फोन आला.

“सर, मधलं बोट गेलं.”

त्या घरी काय घडले ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळले. लताने स्प्लिंट काढून फडताळात ठेवले होते. पाण्याचा हंडा उचलताना बोटात काहीतरी तटकन तुटल्याचे तिला जाणवले होते. पण हे सांगायचे कुणाला, म्हणून ती गप्प राहिली होती. सासू ओट्यावर बसली होती. वंदनाताईंनी तिला विचारले, “आजी, हिला हात वापरायला लावू नका म्हणून मी चिठ्ठी दिली होती ना?”

“चिठ्ठी दिली व्हती. पानी कोन भरनार ते नव्हतं लिवलं तिच्यात,” सासू म्हणाली. “बाई, माझंबी असंच झालं व्हतं. विळ्यानंच. हे बघा. कुनी काय केलं? केलंच ना मी समदं या हातानं?”

तिने आपला डावा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, दोन्ही तळहाताकडे मुडपून घट्ट झालेली. वंदनाताई तिच्याजवळ ओट्यावर बसल्या, तो हात मांडीवर घेतला आणि एकेक सांधा तपासू लागल्या. किती वर्षे झाली, थंडीत दुखते का, भाकरी कोणत्या बाजूने थापता, लुगड्याचा काष्टा कसा घालता, असे विचारत राहिल्या. म्हातारी आधी तुटक उत्तरे देत होती. मग बोलत गेली. शेवटी तिने विचारले, “माझी निघतील का सरळ?”

“नाही आजी,” वंदनाताई म्हणाल्या. “आता नाही निघणार. तेव्हा कुणी बघितलं असतं तर निघाली असती.”

म्हातारीने हात काढून घेतला आणि पदराखाली धरला. मग ती उठली, फडताळातून ते स्प्लिंट काढून आणले आणि सुनेला म्हणाली, “जाय यांच्यासंगं. पान्याचं बघू आमी.”

नाशिक रोडला लताची एक मावशी राहते. तिच्याकडे उतरायचे ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी लता माझ्यासमोर उभी राहिली आणि मी तिला बोललो. पुष्कळ बोललो. “तुला काही कळतं का? चार तास घालवले मी त्या बोटांवर. जेमतेम सहा आठवडे नुसतं सांभाळायचं होतं, तेवढं झालं नाही तुझ्याने?” ती खाली मान घालून उभी होती. वंदनाताई शेजारी होत्या. लता बाहेर गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतले.

“सर, मी गेले होते त्या घरी. तुम्ही आला असतात तर हे बोलला नसतात.”

“मग काय करायचं होतं मी? शाबासकी द्यायची होती?”

“काही नाही करायचं. ऑपरेशन करा. तेवढंच तुमच्याकडे मागतेय.”

मी ऑपरेशन केले. कंडरेची टोके मागे सरकली होती, सूज होती; पहिल्यासारखे ते होणार नव्हते. पण जोडले. त्यानंतर लता रोज मावशीकडून सकाळच्या बसने येऊ लागली.

तीन आठवड्यांनी मी स्वतः पडलो. त्यात सांगण्यासारखे काही नाही. घराच्या ओल्या पायऱ्या, हातात दुधाच्या पिशव्या, आणि घसरताना टेकलेला उजवा हात. मनगटाच्या हाडाचे तीन तुकडे झाले. माझ्याच एका तरुण सहकाऱ्याने धातूची पट्टी बसवून ते जुळवले. दहाव्या दिवशी मी जिन्याखालच्या खोलीत रुग्ण म्हणून उतरलो. तोवर त्या खोलीच्या आत मी कितीदा गेलो होतो हे आठवून पाहिले. फार वेळा नाही.

वंदनाताईंनी मला लांब टेबलापाशी बसायला सांगितले. शेजारच्या खुर्चीवर लता होती. ती उठू लागली तेव्हा वंदनाताई म्हणाल्या, “बस गं. इथे सगळे हातवालेच असतात.”

मी वाईट रुग्ण होतो. मला सगळे आधीच ठाऊक होते, म्हणून मी काही ऐकत नव्हतो. वेदना होत होत्या आणि त्या इतरांना होतात तशाच मला होतात याचा मला राग येत होता. मनगट मागे वळवायचे, दहा मोजायचे, सोडायचे. घरी गेल्यावर मी ते करीत नसे. थकवा येई. टीव्हीसमोर बसून राहावेसे वाटे. बायको आठवण करी तेव्हा तिच्यावर खेकसत असे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वंदनाताईंनी कोनमापक लावला, वही पाहिली आणि विचारले,

“घरी किती वेळा होतं सर?”

“दर तासाला.”

“मनगट तसं म्हणत नाही.”

टेबलापाशी चार जण होते. सगळ्यांनी ऐकले. मी काहीतरी सुजेचे कारण सांगू लागलो, तेवढ्यात लता तिच्या बोटांकडे बघत म्हणाली, “डॉक्टर, मीबी पयल्या टायमाला असंच सांगायची. दर तासाला करते म्हनायची. लय कंटाळा यायचा.”

कुणीतरी हसले. मी हसलो नाही, पण राग आला नाही. घरी पाणी भरायला माणूस, स्वयंपाकाला बाई, गाडी चालवायला ड्रायव्हर, आणि दिवसभर मोकळा वेळ, एवढे असूनही माझ्याच्याने जे होत नव्हते, ते या मुलीने भाकऱ्या आणि हंडे सांभाळून करावे अशी माझी अपेक्षा होती. हे माझ्या ध्यानात यायला मला तिच्या शेजारी बसावे लागले.

दोन-तीन दिवसांनी आम्ही दोघेच टेबलापाशी होतो. मी म्हणालो, “लता, त्या दिवशी मी तुला तसं बोलायला नको होतं.”

ती स्प्लिंटची पट्टी आवळत होती. म्हणाली, “तुमी बोलले ते बरुबरच व्हतं. पर मला उत्तर द्यायचं व्हतं, ते सुचलं नाय तवा.”

“आता दे.”

“आता कशाला? आता तुमाला म्हाईत झालं.”

वंदनाताई पाण्याच्या भांड्याजवळ पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी ऐकले असणार.

पुढचे चार-साडेचार महिने मी रोज अकराला तिथे जात राहिलो. आठवड्यांची गणती राहिली नाही. मनगट हळूहळू वळू लागले, पकड येऊ लागली. शर्टाची बटणे, दाराची किल्ली, पेन, मग चमचा. लोक म्हणत, छान सुधारणा आहे. मीही म्हणत असे. पण हाताच्या सर्जनला चमचा उचलून भागत नाही. केसापेक्षा बारीक दोऱ्याने, दुर्बिणीखाली, तासन्‌तास स्थिर हाताने शिवायचे असते, आणि ते मला जमेल की नाही, हा प्रश्न मी कुणालाही विचारला नव्हता. एके दिवशी वंदनाताईंना विचारला.

“मी परत ऑपरेशन करेन का?”

त्यांनी वही मिटली. “तुम्हाला काय वाटतं सर?”

“मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

त्या वर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सुई धरायचा चिमटा, सर्वात बारीक दोऱ्याचे पाकीट, माझा भिंगाचा चष्मा आणि रबरी हातमोज्याचा एक तुकडा होता. तो तुकडा त्यांनी टेबलावर चिकटपट्टीने ताणून बसवला, मध्ये चीर दिली आणि म्हणाल्या, “दहा टाके घाला.”

पहिले चार बरे पडले. पाचव्याला मनगट दुखू लागले. सहाव्याला चिमटा वळवताना हात किंचित थरथरला. उघड्या डोळ्यांना ते दिसलेही नसते, भिंगातून दिसले. सातव्याला दोरा तुटला. मी थांबलो. वंदनाताई समोर बसून होत्या. त्यांनी घाई केली नाही.

“हाडांची, जखमांची ऑपरेशनं कराल,” त्या म्हणाल्या. “तासाभराची. पण कंडरा, मज्जातंतू, रक्तवाहिन्या, ते चार-चार तासांचं काम नाही होणार. अजून सहा महिने मी मेहनत घेईन तुमच्यावर, तुम्ही पण घ्या. पण माझा अंदाज बदलेल असं मला वाटत नाही.”

“अंदाज चुकतात.”

“चुकतात. पण सर, माझा हात तुटला असता तर आज मी तुमच्याकडे आले नसते.”

मी उठून आलो. दोन आठवडे तिकडे फिरकलो नाही. त्या दोन आठवड्यांत मी वंदनाताईंना मनातल्या मनात किती बोललो ते लिहिण्यासारखे नाही. दुसऱ्या थेरपिस्टकडे जाऊन आलो; ती तरुण मुलगी फार गोड बोलली, ‘सर, तुमची विल पॉवर’ वगैरे म्हणाली. घरी येऊन मी तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवून पाहिला. जमले नाही. चौतीस वर्षे जे काम केले ते असे एका हातमोज्याच्या तुकड्यावर संपावे, याचे दुःख होतेच. पण त्याहून अधिक असा एक शीण आला होता, की आता कुणी काहीच मागू नये.

पंधराव्या दिवशी अकरा वाजता मी पुन्हा जिना उतरलो. का गेलो ते सांगता येणार नाही. बहुधा दुसरीकडे कुठे जायचे नव्हते म्हणून. वंदनाताईंनी वर पाहिले, वही उघडली, तारीख घातली आणि म्हणाल्या, “हात टेका.” एवढेच. कुठे होतात, बरे झाले आलात, असे एक अक्षर नाही. मी हात टेकला.

त्यांनी सांगितले होते ते खरे ठरले. अजून सहा महिने आम्ही दोघांनी मेहनत घेतली आणि अंदाज बदलला नाही. बारीक कामाच्या शस्त्रक्रिया मी सोडल्या. दोन वर्षे लहानसहान केल्या, मग त्याही थांबवल्या. आता आठवड्यातून दोन दिवस रुग्ण तपासतो, कुणाला शस्त्रक्रियेची गरज आहे ते ठरवतो आणि तरुण सर्जनांकडे पाठवतो. थेरपीच्या खोलीची चिठ्ठी मात्र शस्त्रक्रियेआधीच लिहितो. कुणी नवा सर्जन म्हणाला की ‘टाके भरू देत, मग पाठवू’, तर त्याला मी खाली घेऊन जातो आणि टेबलापाशी तासभर बसवतो. बहुतेकांना पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा येतो. मला त्यांचा राग येत नाही.

लताचे काय झाले ते सांगतो. अनामिका जवळजवळ पूर्ण वळते. मधले बोट तळहाताला टेकत नाही, बोटभर अंतर राहते, आणि ते तसेच राहणार. वंदनाताईंनी तिला हे चौथ्या महिन्यात स्पष्ट सांगितले. लता म्हणाली, “मग काम कसं करू, तेवढं सांगा.” वंदनाताईंनी पुढचे पाच आठवडे फक्त त्याच्यावर घालवले. हंडा कसा धरायचा, पीठ कोणत्या हाताने मळायचे, पोत्याचे तोंड कसे आवळायचे. सरावासाठी श्रद्धाने बाजारातून कांद्याची एक गोणी आणून खोलीत ठेवली होती, सगळ्या रुग्णांच्या डोळ्यांना त्रास झाला. लताने पुन्हा विळा धरला नाही, भीतीने तिला तो धरवत नाही. आता ती चांदवडच्या एका शेडमध्ये कांदा निवडायला बसते. सासू पाणी भरते. मागच्या वर्षी लता आली होती तेव्हा मी तिला विचारले, “सासूबाईंचं कसं काय?” ती म्हणाली, “बरं हाय. थंडीत हात दुखला की ताईला शिव्या देत्यात, माझ्या टायमाला कुठं व्हती ही बाई म्हनून.” वंदनाताईंना मी हे सांगितले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं. तेव्हा मी शाळेत होते.”

वंदनाताईंच्या हाताखालून शिकून बाहेर पडलेल्या थेरपिस्ट आज नाशिकमध्ये, मालेगावला, धुळ्याला काम करीत आहेत. त्यांच्याविषयी आणि वंदनाताईंच्या अध्यापनाविषयी या ग्रंथात इतरांनी माझ्यापेक्षा चांगले लिहिले असेल. मी एवढेच म्हणेन की त्यांनी कुणाला खोटी आशा दिली नाही आणि कुणाला टाकूनही दिले नाही. हे दोन्ही एकाच माणसाने इतकी वर्षे, रोज सकाळी दहापासून, करत राहणे किती दमवणारे आहे याची थोडी कल्पना मला आता आली आहे. आम्ही सर्जन मंडळी रुग्णाला झोपवून काम करतो. त्यांचा रुग्ण समोर जागा असतो, त्याला दुखत असते, आणि तो त्यांच्याकडे बघत असतो.

गेल्या महिन्यात या ग्रंथाच्या निमित्ताने मी त्यांच्या नाशिक रोडच्या घरी गेलो होतो. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा ट्रे त्यांनी अंगठे न लावता, तळव्यांवर पेलून धरला होता. मी काही न विचारता त्यांचा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबले. त्यांनी ओठ आवळले. वर्षानुवर्षे दुसऱ्यांची आखडलेली बोटे अंगठ्यांनी दाबून सोडवायची, त्याची ही झीज. दोन्ही हातांना आहे. विचारल्यावर कळले की पाच वर्षांपासून आहे.

“कुणाला दाखवलंत?”

“कुणाला दाखवायचं सर? मीच करून घेतलंय स्प्लिंट. रात्री घालते.”

“आणि दिवसा?”

“दिवसा घातलं तर रुग्ण बघतात. त्यांना मग कसं सांगणार, तुम्ही व्यायाम करा म्हणून?” मग त्या म्हणाल्या, “दमले आहे सर. पण बुधवारी दोन नवीन यायचेत.”

मी त्यांना विश्रांती घ्या असे सांगितले नाही, कारण आम्हा दोघांनाही त्याचे उत्तर माहीत होते. दुसऱ्या दिवशी श्रद्धाला भेटलो. तिला हे ठाऊक होते. तिला धरून खोलीत काम करणाऱ्या चौघी थेरपिस्टनाही ठाऊक होते, पण बाईंना बोलायचे कुणी, म्हणून सगळ्या गप्प होत्या. आता त्यांनी आपसात ठरवले आहे. बोटे दाबून सोडवायचे काम यापुढे त्या चौघी वाटून घेणार आहेत. वंदनाताईंनी बसून सांगायचे आणि वहीत लिहायचे. बुधवारी येणारे नवीन रुग्ण श्रद्धा आपल्या नावावर घेणार आहे आणि दर मंगळवारची सकाळची पहिली वेळ तिने वंदनाताईंच्या अंगठ्यांसाठी राखून ठेवली आहे. हे तिने अजून त्यांना सांगितलेले नाही. या लेखातूनच त्यांना कळावे, अशी तिची इच्छा आहे.

तर वंदनाताई, साठी पूर्ण होत असताना तुमच्या या जुन्या सहकाऱ्याचे आणि रुग्णाचे मागणे एवढेच आहे, की तुम्हाला पुष्कळ आयुष्य मिळो आणि त्यातला मोठा हिस्सा तुमच्या स्वतःच्या वाट्याला येवो. प्रकृती धडधाकट राहो, रात्रीची झोप पुरी होवो, अंगठ्यांची कळ कमी होवो. मंगळवारी सकाळी दहाला श्रद्धा वाट पाहील. कृपा करून जा.